मामांनी आणलेला लिंबाचा पाला

११ मार्च १९८०, मंगळवार
अंगभर फोड. काल पाठीवर दोनच होते, घामोळं समजून पावडर लावली. आज प्रज्ञानं बघितलं आणि म्हणाली, "आई, ह्या कांजिण्या आहेत." नववीतली पोर, बोलणं डॉक्टरचं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पस्तिसाव्या वर्षी कांजिण्या! पंधरा दिवस आतल्या खोलीत पडून राहायचं, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. प्रज्ञाला आणि ह्यांना लहानपणीच येऊन गेल्यात, तेवढं बरं.

हे म्हणाले, "मी करतो स्वयंपाक." कंपनीत बारा वर्षं लेथ चालवतात, पण तवा कुठे असतो ते मला विचारलं.

१२ मार्च
खाज. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१३ मार्च
शेजारच्या यशोदाबाई दारातूनच बोलल्या, "देवी आल्यात जाईबाई. ओटी भरा. आणि घरात फोडणी देऊ नका, वासानं देवी कोपते."

हे म्हणाले, "वहिनी, आम्ही बौद्ध. देवीचं आमच्यात काही नाही. पण फोडणी मलाही जमत नाही, तेव्हा तुमचं ऐकतो." यशोदाबाई हसत गेल्या, आणि संध्याकाळी खडीसाखर घातलेलं धण्याचं पाणी पाठवून दिलं.

जेवायला वरण म्हणजे पिवळं पाणी. भाकरीला सात कोपरे. सगळं संपवलं. लग्न झाल्यापासून मला कुणी आयतं वाढलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार
आजचं नीट लिहिते. दुपारी खिडकीशी कुणीतरी खोकलं. बघते तर मामा — माझे सासरे, कोंडीराम. गावाहून, म्हणजे माणहून, इथे थेरगावपर्यंत चालत आलेले. खांद्यावर कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा. सहा वर्षांत ह्या घराकडे फिरकले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी जयंतीच्या जेवणाला दारू पिऊन आले आणि भाताच्या पातेल्यावर पडले. पन्नास माणसं बघत होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शुद्धीत असाल तरच ह्या दारात या." गेले ते गेलेच. सासूबाई तर त्याआधीच वारलेल्या, माणला एकटेच असतात. हे महिन्यातून एकदा भेटून येतात. मी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही.

आज खिडकीतून म्हणाले, "माझ्या साहेबरावनं सांगितलं. पाला हातरुणाखाली घाल. उरल्याला उकळून त्या पाण्यानं अंग पूस. नखं लावू नगंस, डाग ऱ्हात्यात."
"पाणी तरी घ्या," मी म्हणाले.
"न्हाई. निघतो."

१६ मार्च
मामा परत आले. म्हणाले, जुना पाला वाळला आसंल. खिडकीखाली बसले जरा वेळ. माणच्या विहिरीला पाणी किती उरलंय, कैऱ्या कुणाच्या झाडाला धरल्यात, सगळं सांगितलं. खाज सुटली की डहाळी अंगावरून फिरवायची, हे त्यांनीच शिकवलं. बरं वाटतं खरंच.

१८ मार्च
दुपार झाली की मी खिडकीकडे बघते, म्हणून प्रज्ञा चिडवते.

मामा आज अगदी गजाशी येऊन बोलले. तोंडाला वास नव्हता. तसा तो आधीही आला नव्हता, पण माझ्या ध्यानात आज आलं. संध्याकाळी ह्यांना विचारलं, "मामा हल्ली पीत नाहीत का?"
हे भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "चार वर्षं झाली सोडून."
"आणि मला सांगितलं नाहीत?"
"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, सांगू नगंस, बोलवायची आसंल तर आपसूक बोलवंल."

चार वर्षं! मधे अंतर तीन कोसांचं.

२० मार्च
फार वाईट झालं. आज मामा खिडकीशी न थांबता दाराकडे आले. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला. त्यांना लागण होईल ह्या भीतीनं मी आतून ओरडले, "आत येऊ नका!"

पाय मागे घेतला. "बरं," म्हणाले. भारा पायरीवर ठेवला. मी उठून "अहो मामा, कांजिण्यांमुळे..." म्हणेपर्यंत रस्त्याला लागले होते. ऐकायलाही कमी येतं त्यांना.

२१ मार्च
आले नाहीत.

२२ मार्च
आजही नाही. जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "वरण एवढं वाईट झालंय का?" मग मला रडू आलं, आणि सगळं सांगितलं.

२३ मार्च, रविवार
ह्यांना सुट्टी होती. म्हणाले, "जाऊन सांगतो, लागणीच्या भीतीनं बोलली म्हणून."

मी म्हणाले, "ते सांगाच. पण आधी मागचं सांगा. दारूचं बोलले ते बरोबरच होतं, पण पन्नास माणसांत बोलायला नको होतं, ते माझं चुकलं. आणि सांगा, जाईनं बोलावलंय."

सायकल काढून गेले. दिवेलागणीला परत आले. मामा काय म्हणाले? "बघू," म्हणाले. एवढंच.

२४ मार्च
आले! पायरीवर चपला काढल्या, सरळ आतल्या खोलीत येऊन माझ्या कॉटशेजारी जमिनीवर बसले. मी म्हणाले, "मामा, लागण होईल."
"व्हऊ दे. ह्या तोंडाची काय शोभा जानार हाय?"

मग म्हणाले, "त्या दिशी तू बोललीस तसं मला कुनी बोललं न्हवतं. तुझी सासू सुदिक न्हाई. लई राग आला. दोन वर्सं रागानं प्यालो, मंग रागानंच सोडली."

प्रज्ञानं तांब्या आणून दिला. मामा पाणी प्यायले.

२५ मार्च
मामा दोन तास बसले. प्रज्ञाला पत्त्यांत हरवलं. लबाडी करतात.

३० मार्च
खपल्या पडल्या. लिंबाच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. वीस दिवसांनी स्वयंपाकाला लागले. कढईत मोहरी तडतडली, तशा भिंतीपलीकडून यशोदाबाई म्हणाल्या, "बऱ्या झाल्या का हो?"

मामा जेवायला होते. तीन भाकरी खाल्ल्या. हे जरा हिरमुसले. म्हणाले, "माझ्या भाकरीची कुणी आठवणसुद्धा काढली नाही."

५ एप्रिल, शनिवार
मामांच्या अंगावर फोड आले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, जपा, पण घाबरण्यासारखं काही नाही. आतल्या खोलीत अंथरूण घातलंय त्यांचं. हे माणला गेलेत — तिथल्या घराला कुलूप लावून मामांची पेटी घेऊन येतील. मी सुचवलं नव्हतं. मामांनीच सांगितलं.