पितळेची तार

फाल्गुन शुद्ध पंचमी, दिवेलागण

परळीच्या खेपेनं पाय भरून आलेत. सतारीला पितळेची तार आणली. दुकानदार अहमदमियाँ म्हणत होते, "पोलादी घ्या काका, लई खणखणीत वाजती." मला खणखण नको होती. शाळेत पंतोजी कविता म्हणायचे, तसा मऊ सूर हवा होता.

घरी येऊन तार चढवली, तीच जुनी कविता सबंध वाजवली. मऊ, अगदी तस्साच! डोळे पाणावले. सतार खाली ठेवली. आमची ही पाठमोरी ज्वारी निवडत होती. म्हणाली, "आवो, चढली न्हवं तार? मग वाजवा की."

हिचे कान इतके गेले? कधी? मला कसं कळलं न्हाई?

पाय दुखेनात का, उद्या पुन्हा परळी. पोलादीच आणतो.