कापशीच्या डाव्या पायाचे नख

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज कॅमेरा बाभळीवर चढला. स्वतःच्या हाताने काय काय केले ते एकदा लिहून ठेवतो.

डबा — चार इंची पीव्हीसी पाइपचा, दोन्ही टोकांना टोपी, पुढच्या टोपीला काच. सिलिकॉन तीनदा फिरवले. वर छत्री — तेलाच्या डब्याचा पत्रा कापून. खांब — केळीच्या घडाला टेकू देतात ते बांबू, फैजपूरहून आणलेले, तीन जोडून एकवीस फूट. जोडाला पट्ट्या आणि नटबोल्ट. मान वळवायची मोटार शिलाई मशीनची, गुंडाळी मी भरली. बॅटरी फवारणी पंपाची. चार्जिंगचे सर्किट माझे. विकत घेतले ते फक्त आतला कॅमेरा आणि सिमकार्ड.

दहावी नापास माणूस आहे मी. धुळ्याच्या देवपुरात बावीस वर्षे मोटार रिवाइंडिंग करतो. पक्ष्यांचे मला कोणी शिकवले नाही.

बाभूळ जीवराम नानांच्या बांधावर. गेल्या वर्षी कापशी घारीने इथेच घरटे केले होते. यंदा जोडी काड्या आणू लागली, पण अजून बसलेली नाही. म्हणून घाई. अंडी घातल्यावर जवळ जायचे नाही, हा माझा नियम.

नाना खाली उभे राहून बघत होते. बॅटरीतून शॉक बसून पाखरू मरेल का, हा एकच प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला.

३ डिसेंबर

पहिले अंडे! सकाळी ७:५२ ला मादी उठली तेव्हा दिसले.

७ डिसेंबर

तीन.

मादी ओळखायची खूण मिळाली. डाव्या पायाच्या मागच्या बोटाला नख नाही. मुळातूनच गेलेले. पिसांची खूण खरी नाही, पिसे झडतात. नख हे पक्के.

१९ डिसेंबर

नाना वैतागलेले. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कमरेच्या वर गेली आहे आणि उंदीर ताटे कातरतात. विषाच्या गोळ्या टाकणार म्हणाले. मी मोबाइलवर हिशेब दाखवला — नर रोज सरासरी तीन उंदीर आणतो, पिल्ले निघाल्यावर सहा-सात आणेल. विषाचा उंदीर घारीने खाल्ला की घार संपली, पिल्ले संपली.

नाना म्हणाले, "तुनी घार तीन खास, मना वावरमा तीनशे शेतस."

तरी ऐकले. जानेवारीपर्यंत थांबतो म्हणाले. "टाकसू ते तुले सांगीसन टाकसू."

माणूस शब्दाचा आहे.

४ जानेवारी २०२५

एक पिल्लू. ओले, राखाडी, कापसाच्या बोंडाएवढे. दुकानात गिऱ्हाईक उभे होते, मी त्यालाच दाखवले. तो म्हणाला, माझा पंप कधी मिळेल?

८ जानेवारी

तीनही अंडी फुटली. नावे ठेवत नाही. एक, दोन, तीन.

बायको, दीपमाला, म्हणते, आता तिला बाळंतविडा तेवढा पाठवायचा राहिलाय. चेष्टा करते आणि जेवताना मोबाइल स्वतःकडे ओढून घेते.

२१ जानेवारी

भोरड्या. दोन थवे. पहिला अंदाजे ३५०, दुसरा मोजता आला नाही. बाहेरदेशातून येतात आणि थेट दादरच्या कणसांवर उतरतात, पत्ता दिल्यासारख्या! नाना मचाणावर उभे राहून गोफण फिरवतात. दगड नाही मारत, नुसता कोरडा आवाज काढतात. थवा उठतो, वळतो, नकाण्याच्या दिशेला जातो. परत येतो. दिवसभर हेच.

पाच वाजता दोन भोवत्याही दिसल्या, शिकारी पक्षी, जमिनीलगत उडताना. तारीख, वेळ, गाव, गट नंबर, शेतमालकाचे नाव — असे सगळे लिहून पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकले. बाकीचे लोक "धुळ्याजवळ" एवढेच लिहितात. अशी नोंद काय कामाची?

आज नराचे उंदीर : सात. नानांना फोन करून सांगितले. हसले.

२ फेब्रुवारी

कृषी केंद्रात बेअरिंगचे ग्रीस घ्यायला गेलो. नाना होते. पिशवीत उंदरांच्या औषधाची पुडी. मला पाहून पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

४ फेब्रुवारी

मादी नाही.

काल ५:१० ला घरट्याच्या काठावर होती. त्यानंतर नाही. रात्रभराचे चित्रण दोनदा पाहिले. सकाळी नर आला, उंदीर टाकून गेला. तिन्ही पिल्ले ओरडत होती.

५ फेब्रुवारी

अजून नाही. ती एक रात्रही बाहेर राहिली नव्हती, दोन महिन्यांत एकही.

दुपारी दुकान बंद करून नानांच्या गावात गेलो. नाना दूध डेअरीच्या ओट्यावर बसले होते, आणखी चार-पाच जण होते. मी सरळ विचारले. पुडी कुठे टाकली?

घरातल्या कोठीसाठी आणली म्हणाले, अजून फोडलीही नाही. मी म्हणालो, मग पिशवी का लपवली? तर म्हणाले, तू चिडशील म्हणून. आत जाऊन पुडी आणली. सीलबंद होती. मी म्हणालो, ही दुसरी नसेल कशावरून.

हे मी चार माणसांत म्हणालो. नाना माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे.

ते एवढेच म्हणाले, "योगराज, मी टाकी नही."

घरी येऊन ग्रुपवर नोंद टाकली. नेहमीच्या पद्धतीने. तारीख, वेळ, गाव, गट नंबर, शेतमालकाचे पूर्ण नाव. कारण : विषबाधा. सोबत तिचा शेवटचा फोटो.

७ फेब्रुवारी

नोंद कुठच्या कुठे गेली. जळगावचा हितेंद्र म्हणून एक जण आहे, पक्ष्यांचा व्हिडिओ चॅनल चालवतो. त्याने माझ्या नोंदीवर चार मिनिटांचा व्हिडिओ केला. दोन लाख लोकांनी पाहिला. नानांचे नाव त्यात मोठ्या अक्षरांत. खाली लोकांनी काय काय लिहिले आहे! "त्यालाच खायला घाला" — हे सर्वांत सौम्य.

चाळीसगावहून मेहुण्याचा फोन — भाऊजी, तुमचा कॅमेरा गाजतोय. मला बरे वाटले. हेही लिहितो, कारण वाटले.

पिल्लू क्र. १ फांदीवर आले. नराचे उंदीर : आठ. एकटा आणतो, टाकतो, जातो. पिल्ले आता स्वतः फाडून खातात. त्यांची काळजी मिटली.

८ फेब्रुवारी

सकाळी कॅमेऱ्याची मान फिरवली तर मागचे वावर दिसले. भोरड्या उतरल्या होत्या. आठशे तरी असतील. कणसांवर एकेक नाही, तीन-तीन. पाच मिनिटे झाली, दहा झाली. थवा उठेना. मचाण रिकामे.

चुडामणला फोन केला, त्याचे वावर शेजारीच. म्हणाला, नाना दोन दिवस घराबाहेर निघालेले नाहीत. बाजारात पोरांनी पाखरमाऱ्या म्हणून हाक मारली. वनखात्याच्या माणसाने तेरा तारखेला चौकशीला बोलावले आहे. आणि नाना काही बोलत नाहीत, कोणाशीच.

९:४० ते ११:१५ थवा तिथेच होता. मी मोजत बसलो. मोजून काय करणार होतो कोण जाणे.

दीपमालाने विचारले, मेलेली घार कोणी पाहिली आहे का? नाही म्हणालो. ती धुणे घेऊन वर गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

दीपमालाचे बरोबर आहे. पुरावा हवा. मृत पक्षी मिळाला तर तपासणीला पाठवता येईल, मग कोणी बोलायचे काम नाही. बाभळीपासून फेरे घातले — पहिला शंभर मीटरचा, मग दोनशे, मग चारशे. बांध, काटेरी झुडपे, पाण्याचा पाट. एक पीस मिळाले, पारव्याचे निघाले.

पिल्ले क्र. १ आणि २ उडाली. तिसरे बसून आहे.

१० फेब्रुवारी

सापडली!

जिवंत!

सकाळी ८:२०. बाभळीपासून पाटाच्या कडेने चौदाशे मीटर. तिथे एक सुकलेला निंब आहे. त्याच्या शेंड्यावर कापशी बसलेली. वाटले दुसरीच कोणी असेल. मग एक नर आला, तिला उंदीर दिला, ती घेऊन खाऊ लागली. दुर्बीण लावली. उंदीर उजव्या पायात धरला होता, डावा पाय फांदीवर. पाऊण तास थांबलो तेव्हा तिने पाय बदलला. मागच्या बोटाला नख नाही.

तीच. पोट भरून खाते आहे. नवा नर काड्या आणतो आहे, शेजारच्या बाभळीवर घरट्याचा तळही झालेला.

तिथेच पाटाच्या कडेला बसलो. किती दिवस मी नीट श्वासही घेतला नव्हता, तो तेव्हा घेतला.

घरी येऊन पुस्तक उघडले. त्यात स्पष्ट आहे — पिल्ले उडायला आली की या घारीची मादी पुष्कळदा ती नरावर सोपवून दुसरा जोडीदार करते. पान मी पूर्वी वाचले आहे. माझ्याच पेन्सिलची खूण आहे त्या पानावर, पण अंड्यांच्या संख्येखाली.

दीपमालाला सांगितले. आधी खूप हसली. मग म्हणाली, नानांना सांगितलं?

११ फेब्रुवारी

खात्री करायला पुन्हा गेलो. तीच आहे.

१२ फेब्रुवारी

दुकान. तीन मोटारी. भोरड्या नानांच्या वावरात, सकाळ-संध्याकाळ.

१३ फेब्रुवारी

सकाळी सहाला नानांच्या घरी गेलो. ते निघायच्या तयारीत होते, धुतलेला सदरा, पिशवीत सातबारा आणि ती सीलबंद पुडी. त्यांची बायको भिकुबाई दारात आली. मला आत या म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सांगितले. मादी जिवंत आहे. तिने दुसरा नर केला. विष कोणी टाकले नव्हते. चूक माझी. मोबाइलवर दाखवले — नख, निंब, नवा नर. नाना डोळे बारीक करून बघत राहिले. दोनदा दाखवायला लावले.

मग म्हणाले, "तुनी घारनी दुसरं घर कयं, अन् फाशी माले?"

भिकुबाई आत गेली, आतून भांड्यांचा आवाज आला. नाना पायात चपला घालत म्हणाले, "जठे लिखं तठेच लिख. मना नावसकट."

तिथेच अंगणात उभा राहून लिहिले. तारीख, वेळ, गाव, गट नंबर. जीवराम नानांनी विष टाकलेले नाही. त्यांनी डिसेंबरपासून मला दिलेला शब्द पाळला. विषबाधा ही नोंद माझी, खोटी, मी पडताळणी न करता केली. नानांना वाचून दाखवले. "खोटी" शब्दावर त्यांनी मान हलवली. मग पाठवले.

त्यांना माझ्या गाडीवर बसवून वनखात्याच्या कार्यालयात नेले. साहेबांनी चित्रण पाहिले, माझा जबाब घेतला, नानांना चहा दिला. वीस मिनिटांत प्रकरण मिटले. बाहेर आलो तेव्हा नाना म्हणाले, पुडीचं काय करू? मी म्हणालो, कोठीसाठी आणली ना? म्हणाले, आता ती पाहिली की अंगावर काटा येतो. मग दुकानात परत केली. दुकानदाराने घेतली, कुरकुर करत.

ग्रुपवर दोघा-तिघांनी टोमणे मारले आहेत. दहावी नापास वगैरे. मारू देत. आज चार वाजता जेवलो आणि रात्रीपर्यंत झोपलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्र. ३ उडाले! ७:३३. घरटे रिकामे.

त्याच वेळी मागून गोफणीचा आवाज आला. मान फिरवली. नाना मचाणावर. एका फटक्यात थवा उठला, काळा-गुलाबी, वळला आणि गेला. नाना कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी ओरडले. आवाज पोहोचत नाही, ओठांवरून शिवी वाटली. दीपमालाला दाखवले. तिने दोनदा पाहिले आणि म्हणाली, तुमचं नाव घेतायत.

वावराचा वरचा कोपरा गेला. अंदाजे सहावा हिस्सा. बाकी उभे आहे.

१७ फेब्रुवारी

११ आणि १२ च्या नोंदी अपुऱ्या आहेत. त्या पुऱ्या करतो.

मादी सापडली त्या दिवशी संध्याकाळी हितेंद्रने फोन केला होता. मी आनंदाने सांगितले, जिवंत आहे. तो म्हणाला, योगराजभाऊ, विषावरची मोठी फिल्म ठरली आहे, शेवटचे चित्रण तुमच्याकडून विकत घेतो, फक्त महिनाभर हे कोणाला सांगू नका. मी नाही म्हणालो नाही. बघतो म्हणालो. दोन दिवस बघितले. १२ ला रात्री नाही म्हणालो.

पंच्याऐंशी हजार रुपये.