नऊ हजार आठशे चौऱ्याहत्तर वेढे

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू दर वाक्याला ‘काय? काय?’ करतोस आणि लाइन खराब आहे म्हणतोस, म्हणून हे पत्र.

सोबतच्या डबीत माझ्या पेडल स्टील गिटारचा पिकअप आहे, तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारा, बारा वर्षांपूर्वी तू तार भरून दिलेला. शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये तिसऱ्या गाण्यात तो गेला. दहा तारा, पायाखालची पेडलं, गुडघ्याचे दांडे, सगळं जागच्या जागी, आणि आवाज नाही. मी तारांवर पोलादी कांडी सरकवत राहिले. ॲकॉर्डियनवाल्याने सांभाळून घेतलं, आणि आता ते तो गावभर सांगत फिरतोय.

२० एप्रिलला आमच्या बँडचं रेकॉर्डिंग आहे. दहा गाणी, आणि पहिल्यांदाच स्टील पुढे. रेकॉर्डिस्टने तात्पुरता दुकानातला दुहेरी कॉइलचा पिकअप दिलाय. तुझ्या पिकअपसारखा तो गुणगुणत नाही. दिव्यांची, पंख्यांची कुरकुर त्यात शिरत नाही. पण सगळे सूर इस्त्री करून आल्यासारखे येतात. कांडी एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पोचायच्या आधी जराशी थबकते. ते थबकणं त्यात ऐकू येत नाही. तुझ्यात येतं, गुणगुणीसकट.

बँडमास्तरांचं म्हणणं, तुझा वेळेत आणि धड आला तर तो, नाहीतर दुकानातला. तेव्हा जुन्यासारखाच नवा भर.

वहिनींना नमस्कार. घाई केली म्हणून रागावशील. रागाव, पण लोभ तेवढाच ठेव.

तुझी,
धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डबी मिळाली. पिकअप गेला याचं नवल नाही, तुझ्या हातात बारा वर्षं टिकला याचं आहे. घामाने तार आत कुठेतरी हिरवी होऊन तुटली आहे.

दुहेरी की एकेरी, हा प्रश्न दुकानदारांचा. खरा प्रश्न वेढ्यांचा. चुंबकांभोवती केसाहून बारीक तार गुंडाळायची. वेढे जास्त झाले की आवाज मोठा पण घोगरा. कमी झाले की लख्ख पण पातळ. कुठे थांबायचं, एवढीच त्यातली अक्कल. माझ्या वहीत तुझ्या पिकअपपुढे नऊ हजार सहाशे लिहिलं आहे. हल्ली मी वही बघत नाही. फळीवर एक तार ताणली आहे. तिच्याखाली पिकअप धरतो, तार छेडतो, ऐकतो, वेढे काढतो. मोटारीला मीटर, वाद्याला कान.

नवा पाठवतो आहे. वहीतल्या आकड्याला तो घोंगडी पांघरून बोलत होता, म्हणून बरेच वेढे उतरवले. इस्त्रीवाल्याला त्याचा पिकअप परत दे.

दुकान जोरात आहे. आठवड्यात पंपाच्या सहा जळक्या मोटारी भरल्या, सगळ्या एकदम लावून तपासल्या; शेजारचा शिंपी भांडायला आला होता. त्याचं काय म्हणणं होतं ते कळलं नाही.

जेवणखाण वेळेवर कर. पत्राला उशीर केलास तर आशीर्वाद निम्मे.

तुझा,
दादा


१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पिकअप बसवला. ॲकॉर्डियनवाला म्हणाला की ताटलीवर काटा ओढल्यासारखं वाटतं. त्याचं मी मनावर घेत नाही. मग बँडमास्तरांनी विचारलं की मी कांडी बदलली का. त्यांचं घेते.

तू सांगतोस तशी तारा आणि पिकअपमध्ये दोन नाण्यांची फट ठेवली होती. ती चार नाण्यांची केली. आवाज लहान झाला, धार तशीच राहिली. तुझं काम असं कधी नसतं. वेढे थोडे वाढवून दुसरा देशील का? दुकानातला मी अजून परत केलेला नाही, म्हणजे तसं सांगायला नको होतं.

वहिनींची कंबर कशी आहे? मागणं संपत नाही माझं, तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


२४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

धार म्हणतेस. मला त्यात अजून घोंगडीच ऐकू येत होती. बारा वर्षं तू ड्रमवाल्याच्या शेजारी बसून वाजवते आहेस. एकदा कान तपासून घे. नाचता येईना अंगण वाकडं, हे तुमच्या हॉलच्या दारावर लिहायला हवं.

दुसरा भरला आहे. आणखी हजार वेढे कमी. आता ज्याला कान आहेत त्याला तक्रार करायला जागा नाही. तीस वर्षं मी कानाने काम करतो आहे, बँडमास्तरांना कळव.

रागावून लिहिलं असलं तरी आशीर्वाद पूर्ण आहेत.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, पाकीट मी चिकटवते म्हणून या चार ओळी. महिन्यात शिट्टीच्या दोन किटल्या जळाल्या. शिट्टी बिघडली म्हणतात. तिसरी आणली, तीही बिघडलेलीच निघाली म्हणतात. मला ती जिन्याखालून ऐकू येते. मी काही बोलले की भांडण होतं. तुमच्यावर फार वेळ रागवत नाहीत. कंबर बरी आहे.


२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुसरा पिकअप पहिल्याहून तीक्ष्ण आहे. रेकॉर्डिस्टच्या मीटरवर दोन्ही लावले. पहिला सोळा हजार ओम, दुसरा चौदा, म्हणजे वेढे कमीच होत चाललेत. जुन्याचा आकडा तू कधी घेतला नव्हतास, आणि तुटलेल्या तारेत तो आता येणार नाही.

तू म्हणालास म्हणून कान तपासून घेतले. ठीक आहेत.

किटल्या बिघडलेल्या नाहीत, दादा. फोनची लाइनही नाही.

हे मी इथे कुणाला बोललेले नाही. बोलले, तर तुझ्याकडे पिकअप भरायला कोण येईल ते मला माहीत आहे. मला वहीतले नऊ हजार सहाशे हवेत, यंत्राच्या काट्यावर मोजलेले. ऐकून काढू नकोस. तीन आठवडे आहेत.

आज लोभ मागायचं धाडस नाही.

धाकटी


१० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चार दिवस मी तुझ्याशी मनात भांडलो. पाचव्या दिवशी तुझ्या वहिनीने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. आधी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच नाही. आता पुढची तपासणी सुरू होईल म्हणून मी वाट बघत बसलो. डॉक्टरांनी दार उघडलं आणि झाली म्हणून सांगितलं.

खालचे सूर तरुण माणसासारखे आहेत. वरचे गेले. मोटारींनी नेले, आणि ते परत येत नाहीत.

तुझं काम वहीवर करता येणार नव्हतं. त्या काळात मी आकडा आधी लिहायचो, मग ऐकायचो, आणि कानाला हवे तेवढे वेढे वर घालायचो. ते वरचे कधी लिहिले नाहीत. लिहायची गरज वाटली नाही. म्हणून तुझा जुना पिकअप उघडला, यंत्र उलटं लावलं आणि तार उलगडत गेलो. मी तार धरली, तुझ्या वहिनीने काटा वाचला. मध्ये तुटलेलं टोक सापडलं, तिथून पुढे पुन्हा. दोन दिवस लागले. नऊ हजार आठशे चौऱ्याहत्तर. बारा वर्षांपूर्वी माझा कान इथे थांबला होता. जुना आता परत होणार नाही. त्याची नुसती गुंतवळ उरली आहे.

नवा तेवढ्याच वेढ्यांचा आहे. वाजवून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षात तिघांना पिकअप दिले होते. त्यांना खरं ते कळवलं आणि मोजून पुन्हा भरून देतो म्हणालो. दोघांचे आले. तिसऱ्याने लिहिलं की त्याला तो धारदारच आवडतो, हात लावायचा नाही. घ्या.

किटलीची आता मी वाफ बघतो.

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. आशीर्वाद आहेत, होतेही.

तुझा,
दादा


२३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पिकअप बसवला, दोन नाण्यांची फट ठेवून. ॲकॉर्डियनवाल्याने पहिल्याच गाण्याला मुकाट साथ धरली. बँडमास्तरांनी विचारलं की जुनाच दुरुस्त होऊन आला का. मी हो म्हणाले. दुकानातला त्याच दिवशी परत केला. थबकणं ऐकू येतं.

रेकॉर्डिंग झालं. गुणगुण नको म्हणून रेकॉर्डिस्टने दिवे आणि पंखे बंद केले. खिडकीच्या उजेडात, घाम पुसत, दहा गाणी वाजवली. तरी थोडी राहिलीच. दहाव्या गाण्याच्या शेवटी मी कांडी वरच्या टोकाला नेते, सूर बारीक होत संपतो, आणि मग चार सेकंद नुसता तुझा पिकअप गुणगुणतो. रेकॉर्डिस्ट ते कापणार होता. बँडमास्तरांचंही तेच मत पडलं. मी कापू दिलं नाही. बरीच वादावादी झाली. कारण मी सांगितलं नाही.

रेकॉर्ड महिन्याभराने येईल. तो शेवटचा सूर जिथे बारीक होतो तिथे तुझ्या कानातून सुटेल. सुटू दे. उठू नकोस, वहिनींनाही बंद करू देऊ नकोस. त्यानंतरची गुणगुण अगदी खालची आहे. ती तुला ऐकू येईल.

पुढच्या आठवड्यात येते आहे, तुझ्या फळीसमोर बसायला. तू वेढे घाल, कुठे थांबायचं ते मी सांगेन. लोभाचं तेव्हा समोरासमोर बोलू.

तुझी,
धाकटी