भिंतीखालची खापरं

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पुस्तक आलं. म्हणजे पुस्तक नव्हे, प्रुफं. चारशे बारा पानांचा गठ्ठा व्यवस्थापकांनी माझ्याच टेबलावर आणून आदळला आणि म्हणाले, घरचंच कार्य आहे, तुम्हीच बघा. मी म्हटलं, घरचं आहे म्हणूनच दुसऱ्या कुणाला द्या. ते हसले. त्यांना वाटलं मी लाजते आहे.

चोवीस वर्षांत या टेबलावरून पुष्कळ विद्वान गेले. मेलेल्या भाषांची व्याकरणं, नाण्यांच्या याद्या, पडक्या देवळांचे नकाशे. त्या सगळ्यांचे स्वल्पविराम मी लावले. पण ज्या टेकाडाच्या उत्खननात मी स्वतः गुडघे टेकून बसले होते, त्याच्यावरचं पुस्तक हे पहिलंच. तिथली पुरलेली भिंत माझ्या खुरप्याला लागली तेव्हा तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. मग बाबा गेले, आईची कंबर मोडली, मी घरी आले, आणि पुढे माझ्या जागी तुझी वर्णी लागली. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण पुस्तकात अजून तरी कुठे दिसलं नाही. प्रस्तावना आणि ऋणनिर्देश जुळायचे राहिलेत, असं खिळे जुळवणारा जुळारी सांगतो. तिथे असेल.

आई काठी घेऊन दारापर्यंत जाते. वर्तमानपत्रात आलेला तुझा फोटो तिने कापून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. डबा दिवसातून तीनदा मी उघडते.

माया आहे तशी राहू दे.
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रुफं तुझ्याकडे आली हे वाचून मी तंबूत एकटीच नाचले. आता मला घोर नाही.

एकच विनंती. पान एकशे सत्त्याऐंशीवरचा तक्ता दोनदा बघ. सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. काळी रंगवलेली खापरं भिंतीच्या खालच्या थरात सापडली, म्हणजे भिंत बांधायच्या आधीही तिथे गाव होतं, एवढंच मी चारशे पानांत म्हणते आहे. आपल्या दोघींचे सर, ज्यांना आपण गळ्यातल्या काचेवरून ‘भिंग’ म्हणायचो, त्यांना हे अजून पटलेलं नाही. तक्त्यातले आकडे चुकून एक ओळ वर सरकले, तर मीच मला खोटं पाडलं असं होईल. एवढा गठ्ठा इथे पोचेपर्यंत तिकडे छपाई उरकेल, तेव्हा तुझ्यावरच सोडते. तुझ्यासारखी नजर कुणाला नाही.

आईला मी तीन पानं लिहिली. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. ताई बरी आहे, ताईचा खोकला गेला. मी कशी आहे हे विचारायचं राहून गेलं असावं. मी तिला माझा शोध कळवते, ती मला तुझा खोकला.

तुझ्या लोभातला माझा वाटा सांभाळून ठेव.
धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

प्रुफं काल छपाईला गेली. तक्ता पाहिला.

ऋणनिर्देशही पाहिला. सरांना अर्धं पान, पुरातत्त्व खात्याला पाव पान, छायाचित्रकाराला तीन ओळी, तुमच्या तंबूतल्या स्वयंपाक्यालासुद्धा एक. आणि अगदी शेवटी, घरची जबाबदारी आनंदाने सांभाळणाऱ्या माझ्या बहिणीचे आभार. ‘आनंदाने’ हा शब्द मी तसाच ठेवला. प्रुफं तपासणाऱ्याने लेखिकेच्या मजकुरात हात घालायचा नसतो.

आईचं ठीक आहे. औषधं, अंघोळ, डॉक्टर, सगळं आनंदाने चाललं आहे.

ताई

२२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिली प्रत तुला पाठवली होती. तू काहीच कळवलं नाहीस, म्हणून समजले की तुलाही सरांचं परीक्षण वाचायला मिळालं असणार.

ते लिहितात, लेखिकेच्या मताचं खंडन शोधायला लांब जायला नको, ते तिच्याच तक्त्यात आहे. मी पान उघडून बघितलं. काळी खापरं भिंतीच्या वरच्या थरात. पांढऱ्यावर काळं. खात्याने पुढच्या हंगामाची परवानगी रोखली आहे. कॅन्टीनमध्ये मी गेले की बोलणी थांबतात आणि सगळ्यांना एकदम चहात साखर ढवळायची आठवण होते.

माझी टंकलिखिताची प्रत पेट्यांमध्ये कुठे तरी बंद आहे. पण निघायच्या गडबडीत मीच चुकले असणार. सरांना तसं कळवलं. छापखान्यालाही लिहिलं, म्हणजे बोल तुझ्यावर यायला नको. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या नजरेतून सुटलं, म्हणजे ते कुणाच्याही सुटलं असतं.

आईला यातलं काही सांगू नकोस.

धाकटी

२८ मे

चि. धाकटीस,

तुझं टंकलिखित बरोबर होतं. जुळाऱ्याने ओळ चुकवली. मी ती पाहिली. पेन्सिल टेकवली आणि उचलली.

त्या सकाळी ऋणनिर्देशाचं पान आलं होतं, तक्ता दुपारी तपासायला घेतला. हे कारण म्हणून सांगत नाही, क्रम म्हणून सांगते. खाली काय आणि वर काय हे तुम्हा लोकांना लागतं.

सरांचं परीक्षण मी तुझ्या पत्राच्या आधीच वाचलं होतं. वाचून मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. आईने विचारलं, धाकटीच्या पुस्तकाबद्दल काय आलंय. मी म्हटलं, चांगलं आलंय. आणि शांतपणे डाळ निवडत बसले. मग तुझं पत्र आलं, तू चूक आपल्या अंगावर घेतलेली, आणि माझं माथंच भडकलं. वाटलं, भिंत नेली, सर नेले, आता एवढी एक गोष्ट मी केली होती तीही हिने नेली. दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी माझी मलाच शिसारी आली.

आज टंकलिखित आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवून व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून प्रुफांना हात लावू नका, गोदामात बसा. सरांना दोन्ही पानांच्या नकला आणि माझा कबुलीजबाब पाठवला आहे. आईलाही सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

काही मागत नाही.
ताई

१५ जून

ताई,
नमस्कार.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं, ते पाठवणार आहे.

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. सरांनी त्याच नियतकालिकाच्या पुढच्या अंकात खुलासा द्यायचं कबूल केलं, खात्याने परवानगी परत दिली. पण त्या कॅन्टीनमध्ये मी आजही जात नाही.

आता माझं. ऋणनिर्देशाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की ही भिंत पहिल्या हंगामात माझ्या बहिणीला सापडली, आणि ज्या खड्ड्यावर हे पुस्तक उभं आहे तो तिने खणायला घेतला. ते मी खोडलं. विसरले नव्हते, ताई, खोडलं. लहानपणापासून पुस्तकं तुझी, फ्रॉक तुझे, वर्गातल्या बाईसुद्धा आधी तुझ्या. टेकाडावर पहिले दोन हंगाम सर मला तुझ्याच नावाने हाक मारायचे आणि मी ओ द्यायची. मला एक जागा हवी होती जिथे तू आधी येऊन गेलेली नसशील. ती नव्हती. मग मी एक ओळ खोडून ती तयार केली.

सोबत शुद्धिपत्र आहे. दोनच दुरुस्त्या. पान एकशे सत्त्याऐंशी, आणि ऋणनिर्देशाचं पान सात. पहिली चूक तुझी, दुसरी माझी. सातशे प्रतींमध्ये ते खळीने चिकटवायचं काम तुलाच द्यावं असं मी व्यवस्थापकांना कळवलं आहे. हात दुखतील. दुखू देत.

हंगाम सुरू झाला की पहिला महिना मी आईजवळ येऊन राहते. टेकाडावर तू जा. सरांनी आढेवेढे घेतले, मी ऐकलं नाही. आईच्या औषधांच्या वेळा लिहून ठेव. मला एकही माहीत नाही.

धाकटी

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघे बोलतात. तुझं खुरपं माझ्या हातात बसत नाही, मूठ फार बारीक आहे. माती वाहणाऱ्या बायका मला ‘बाईंची बहीण’ म्हणतात. चोवीस वर्षांपूर्वी हीच जागा माझी होती, आणि आता मी तुझी बहीण. तुला कसं वाटत असेल ते दोन दिवसांत कळलं, तुला मात्र दोन हंगाम काढावे लागले. सरांनी भिंगातून आधी मलाच तपासलं आणि म्हणाले, वय झालं तुझं.

आईचं पत्र आलं. धाकटीच्या हाताला मीठ नाही, पण केस फार छान विंचरते, असं लिहिलंय. इतकी वर्षं मी विंचरले, छान असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा हेवा गेला असं समजू नकोस.

आता मुख्य. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की काळ्या खापरांच्या खाली कोरी जमीन आहे, तिथे माणूस कधी नव्हता. काल दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या, मी एकटीच खड्ड्यात होते. काळ्या खापरांच्या वीतभर खाली मातीचा रंग बदलला. राखेचा पट्टा लागला आणि त्यात जाड, लाल, हाताने घडवलेल्या भांड्याचा काठ. तुझं सगळ्यात जुनं गाव सगळ्यात जुनं नाही, धाकटे.

मूठभर माती वर ओढली असती तर झाकून गेलं असतं, तुझं पुस्तक शाबूत राहिलं असतं. किंवा सरळ सरांना हाक मारून माझ्या नावावर लेख झाला असता. खोटं कशाला सांगू, दुसरंच जास्त वेळ मनात राहिलं. मग पाटीवर तारीख घातली, वर ताडपत्री टाकली, चार दगड ठेवले, आणि सरांच्या आधी तुला लिहायला बसले.

पत्र मिळताच निघ. आईला घेऊन ये, इथे पाठ टेकायची खुर्ची आहे. राख दोघींनी मिळून उघडू. पण उशीर करू नकोस. माझा मला अजून पुरता भरवसा वाटत नाही.

वाट बघते आहे.
ताई