गोपाळरावांची गादी

२ एप्रिल १९७४
आलो एकदाचा! बी.ए. अर्धवट सोडलं, बापूजींनी घराबाहेर काढलं, पण सकाळी कोर्टात सही ठोकली आणि दुपारी प्रेमलताचा नवरा म्हणून सक्करदऱ्यातल्या तिच्या दोन खोल्यांत ट्रंक टेकवली. चार वर्षांनी मोठी, त्यात विधवा, म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी तिला हसताना पाहिलेलं नाही. तिची सहा वर्षांची जया मला काका म्हणते. म्हणेल, बाबाही म्हणेल. संत्र्याच्या गोळ्या आणल्यात.

७ एप्रिल
जयाला धुळीची ॲलर्जी आहे. छातीतून शिट्टी वाजते पोरीच्या. डॉक्टर म्हणाले, झाडू बंद, ओला फडका मारा, पडदे काढा, कापसाची गादी घरात नको. पडदे काढले. फरशी मीच पुसतो. शेजारच्या शोभाताई दारातून हसल्या, काहून गा जावईबापू, लग्न केलं का मोलकरणीचं काम धरलं! हसोत.
एक गादी मात्र हलत नाही. गोपाळरावांची. प्रेमलताचा पहिला नवरा, उमरेडच्या कोळशाच्या खाणीत होता. डाव्या पायाची करंगळी तिथंच गेली. मग छातीत धूळ भरली आणि याच गादीवर संपला. लोक अशी गादी देऊन टाकतात. हिनं ठेवली. म्हणाली, मले काहीही सांगा, गादीचं नका सांगू.
मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

१२ एप्रिल
डोकं फिरलं. त्या दोघी दवाखान्यात गेल्या आणि मी पिंजाऱ्याला बोलावलं. तिचा कापूस तिला राहील, त्याची गादी राहणार नाही. बाहेर लू सुटली होती, कापूस उडेल म्हणून दारं लावून आतच पिंज म्हटलं. तो नको नको म्हणत होता. मी ऐकतो थोडाच! कापसातून काळी धूळ निघाली, कोळशासारखी.
प्रेमलता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, सगळी पिंजली?

१६ एप्रिल
जयाला सतत धाप. सकाळी पुसलेली फरशी दुपारी काळी. पुसून पुसून माझे हात सोलले.
शोभाताईंनी आठवण काढली. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून टोपली झाकतात, सकाळी ठसा पाहतात, पुढचा जन्म कोणता ते कळतं. गोपाळरावांच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं म्हणे. गेलाच नसन थो, म्हणाल्या आणि हसल्या.

१९ एप्रिल
भर दुपारी धुळीत पाऊल. अनवाणी, डावं. चार बोटं.
पुसलं. चहा पिऊन आलो तर पुन्हा. गादीच्या जागेवरून जयाच्या खाटेकडे—

२१ एप्रिल
म्हटलं, घर सोडू, पोर मरेल. प्रेमलता म्हणाली, थांबा ना, पाहू. फडका घेऊन बसली. मी बघत राहिलो. ती पावलांच्या कडेकडेनं पुसत होती. एकही ठसा मोडला नाही.
हिच्यासाठी मी घर सोडलं.

२३ एप्रिल
जया बरी आहे. घर काळं आणि पोरीची छाती मोकळी! जमिनीवर खेळते, शेजारी जागा ठेवून. प्रेमलता हसते. माझ्याकडे बघून नाही. शिट्टी आता माझ्या छातीत—

२४ एप्रिल
दुपार. दाराला बाहेरून कडी. प्रेमलता म्हणते, पडून राहा, उघडलं तर धूळ येईल. श्वास पुरत— पावलं खाटेकडे नाहीत आता. मी लिहितोय त्या टेबलाकडे.
खिडकीतून जयानं हाक मारली. बाबा! या एका शब्दासाठी किती— मी ओ दिली. कशीबशी.
ती म्हणाली, तुमाले नाही काका. तुमच्या मांगं जे उभे—