सातव्या कॅसेटची साक्ष

मी, रेखा भानुदास गुप्ते, वय सहासष्ट, मूळची पुण्याची, गेली अडतीस वर्षे जपानमध्ये व सध्या तोक्योच्या कोतो विभागात राहणारी, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. सांगणारा मागच्या आठवड्यात येऊन गेला. त्याला चहा देऊन वाटेला लावले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा सुशील व सून केतकी यांना समान. केतकीचा हिस्सा वेगळा तिच्या नावावर व्हावा. सुशील चांगला आहे, पण वडिलांसारखाच 'बघू' म्हणतो.

२. टाइपरायटर केतकीला. ती माझे कपाट उघडते, असा मला दहा वर्षे संशय होता. उघडत होतीच. डांबराच्या गोळ्या बदलायला.

३. त्या कपाटातील चौदा कॅसेट. त्यांत एस्तेर न्यांबुरा यांचा आवाज आहे. पूर्व आफ्रिकेतल्या त्यांच्या देशाच्या रेडिओवर बातम्या वाचणारी पहिली बाई, पुढे तोक्योत राजदूत. शाळेत नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीमुळे मला त्यांच्या कचेरीत टायपिस्टचे काम मिळाले. दर शुक्रवारी दुपारी मॅडम स्वतःचे आयुष्य सांगत, मी माइक धरून बसे. आधी घड्याळ पाहून त्या वेळ सांगत, जणू सारा देश ऐकतो आहे.

इथे कचरा वेगवेगळा करून टाकावा लागतो, म्हणून सुशील विचारतो, "आई, हे जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्या? लिहून ठेव, नंतर मला शोधत बसावं लागेल." कुठल्याच नाही. लिहून ठेवले.

मॅडमचा पुतण्या जोसेफ याला या देऊ नयेत. तीनदा आला, शेवटचा मागच्या आठवड्यात, आणि तिन्ही वेळा सातव्या कॅसेटबद्दलच विचारले. त्यांच्या देशात लष्कराने उठाव केला त्या दिवशी सैनिकांचे फर्मान रेडिओवर मॅडमनीच वाचले, असे त्याने पुस्तकात छापले आहे.

४. सातव्या कॅसेटमध्ये सहा वर्षांचा सुशील पाढे म्हणतो. त्याचा आवाज भरून पुण्याला आजीकडे पाठवायचा म्हणून घाईत मी तीच कॅसेट लावली. तिच्यावरचे मॅडमचे बोलणे अजून टाइप व्हायचे होते. महिन्याभरात त्या मायदेशी परतल्या. जाताना म्हणाल्या, "रेखा, या कचेरीत मला सगळ्यांचा संशय येतो. तुझा येत नाही. कॅसेट तूच ठेव." मी ठेवल्या. सांगितले नाही. आता त्या हयात नाहीत.

५. म्हणून पुसले गेलेले इथे शपथेवर लिहिते. मॅडम म्हणाल्या होत्या, "कागद माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. म्हटलं, चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही. अधिकारी म्हणाला, मग घाला. मी म्हटलं, घालणार नाही." फर्मान दुसऱ्या बाईने वाचले. मॅडमना दोन वर्षे रेडिओची पायरी चढू दिली नाही.

६. चौदाही कॅसेट व या कलमांची नक्कल केतकीने स्वतः मॅडमच्या देशातील रेडिओ केंद्राच्या हाती द्यावी. पोस्टाने नको. सुशीलचे पाढे पुसू नयेत, आणि त्याने लाजू नये. नऊ साती म्हणताना तो अडखळतो, तेवढीच त्याची चूक. बाकीची माझी.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात. हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून बोलावले.

साक्षीदार: सुहासिनी नरेंद्र प्रधान (सही)
साक्षीदार: लक्ष्मीकांत राजे (सही)

रेखा भानुदास गुप्ते (सही व शिक्का)
कोतो, तोक्यो. शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. घड्याळ पाहून लिहिले.