काम बोलतं, म्हणालीस

आई, मी सरकारी नोकरी सोडली, आणि त्यात तुझाही वाटा आहे. मी अधिकारी झालेला तू पाहिला नाहीस. घरी बसलेलाही पाहिला नाहीस, ते एका अर्थी बरंच झालं.

बोर्डीच्या वाडीतून चिकू उतरवून तू यायचीस. चीक बोटांना चिकटून काळा पडलेला असायचा, पाण्याने हलायचा नाही. मी चुलीजवळ अभ्यासाला बसलेला, आणि तू राख नि नारळाचं तेल घेऊन बोटं चोळते आहेस. फडक्याला पुसल्याशिवाय पिठाला हात नाही. "काली भाकर कोन खाल?" म्हणायचीस.

२०१८ साली रेशन दुकानांत अंगठ्याची मशिनं होती आणि तलासरी तालुक्यात ती चालती ठेवणं माझं काम होतं. झरीच्या दुकानातून एक म्हातारी मावशी दोनदा धान्याविना परत गेली. दुकानदार म्हणाला, "मशीन बिघडलाय, साहेब." मी तिचे हात पाहिले. मशीन ठणठणीत होतं. हीसुद्धा जन्मभर चिकू उतरवणारी. दुकानातलंच तेल घेतलं, राख मागवली, ओट्यावर बसून तिचा अंगठा चोळला. तो वाकलेला, टेकेचना, म्हणून सरळ करून मशिनवर धरून ठेवला. हिरवा दिवा लागला. तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन ती हसत गेली. आपण शिकलो त्याचं चीज झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तिथे एक वार्ताहर उभा होता. रेल्वेसाठी जमिनी जाणार, कागदांवर अंगठे घेतले जाणार म्हणून तेव्हा गावोगाव लोक बिथरलेले, अंगठा म्हटलं की अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, तिचा अंगठा माझ्या मुठीत. वर मथळा, गरीब म्हातारीचा अंगठा बळजबरीने घेतला. मावशी त्याला म्हणाली होती, "साहेबानी धरून अंगठा लावला, तवा तांदूल मिलला." त्याने तांदूळ गाळून बाकीचं छापलं.

मोठ्या साहेबांनी खुलासा मागितला. मी दिला नाही. वाडीच्या शेठने तुझ्यावर चिकूचोरीचा आळ घेतला होता, आठवतं? मी त्याला उलट बोललो, तर तू मलाच दटावलंस. "तोंड चालवू नको. आपला काम बोलतं." पुढे शेठनेच तुला कामावर बोलावून घेतलं, आणि मी ते वेदवाक्य धरून बसलो. गप्प राहिलो, मशिनं दुरुस्त करत फिरलो. गप्प आहे म्हणजे पैसे खाल्लेत, असं लोकांनी ठरवलं. कचेरीत रोज माझ्या पैशाने चहा पिणारे माझ्याकडे बघेनात. "वातावरण निवळेपर्यंत तुम्हीच बाजूला व्हा," मोठे साहेब म्हणाले. झालो.

पेपरवाल्यावर राग आहेच, पण तुझ्यावर जास्त आहे. काम बोलत नाही, आई. शेठला त्या मोसमात माणसं कमी पडत होती, एवढंच होतं ते.

परवा झरीचा दुकानदार डहाणूच्या बाजारात भेटला. मावशी आता तेल लावूनच येते म्हणाला, पण अंगठा टेकत नाही. नवे साहेब कोणाच्या हाताला हात लावत नाहीत. शहाणे आहेत.

"मग तू धर ना," मी म्हटलं.

"मी कशाला धरू, साहेब? तुमचा काय झाला ते बघितला ना."

मावशी पुन्हा रिकामी परत गेली आहे.

तू आता नाहीस, आणि तसंही तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र कुठे धाडायचा प्रश्नच नाही. म्हणूनच सांगतो. काल मी झरीला गेलो होतो. मावशी ओट्यावर बसलेली, तेल लावलेला अंगठा पदराला पुसत होती. तिने मला ओळखलं आणि हात पुढे केला. शेजारी एकाच्या हातात मोबाईल होता. मी ओळख न दाखवता पुढे निघून गेलो.